पाण्यावरचा वकील

पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही, कारण तोंडात हवेची नळी असते. त्यामुळे पाणबुड्या वर आला की आधी साठलेलं सगळं बोलून टाकतो आणि मग पाठीवरचा सिलिंडर उतरवतो. आमच्या टोळीत एवढे किस्से कसे साठले, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. त्यात दोघं पाण्याखाली, दोघं होडीत, आणि प्रत्येकाने बघितलेलं वेगळं. एकच प्रसंग चौघांकडून ऐकला की चार किस्से होतात.

टोळीतले पहिले दादा. नौदलात पाणबुड्या म्हणून नोकरी करून नाशिकला गंगापूर रोडला येऊन राहिलेले. समुद्र सुटला, पण पाणी सुटेना. म्हणून जिल्ह्यातल्या धरणांत पडलेले पंप शोधणं, दरवाजांच्या जाळ्या तपासणं असली कामं ते घ्यायचे. दुसरी शैला, तलावावर पोहायला शिकवणारी. दादांनी तिला एकदा पाण्याखाली नेलं आणि माझ्या मते ती अजून पुरती वर आलेली नाही. तिसरा प्रमोद, सिन्नरच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कामाला. त्याला गुडघ्याच्या वर पाणी आलं की घाम फुटतो. चौथा मी, विम्याच्या ऑफिसातला कारकून आणि शैलाचा नवरा.

माझं काम होडीत बसायचं. सगळ्यात अवघड काम तेच. मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, आणि होडीत येरझाऱ्याही घालता येत नाहीत.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देवळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा पंप तराफ्यासकट धरणात बुडाला होता. कांदा भरात आलेला, आणि ऐन वेळी पाणी बंद. तो बिचारा काठावर उभा राहून आमच्यापेक्षा जास्त धापा टाकत होता.

पाणी चहासारखं गढूळ. दादा तळाशी हाताने चाचपडत फिरले आणि हवा संपत आली तेव्हा कुठे पंप हाताला लागला. पंपाला बांधायची दोरी मघाशीच एका कपारीत अडकून तुटलेली. ते वर आले आणि प्रमोदला म्हणाले, मी सिलिंडर बदलून येतो, तोवर या जागेची खूण धर. म्हणजे काठावरच्या दोन गोष्टी एका रेषेत बघून ठेवायच्या, की परत येऊन तीच जागा सापडते.

आम्ही काठावर गेलो, सिलिंडर बदलला आणि परत पाण्यात आलो. प्रमोद होडी इकडे घे म्हणाला, मग तिकडे घे म्हणाला, मग गप्प झाला. दादांनी विचारलं, "काय धरलं होतंस खुणेला?"

प्रमोद म्हणाला, "समोरच्या रस्त्यावरचा कांद्याचा ट्रक."

समोरचा रस्ता मोकळा होता. होडीत आमच्याबरोबर आलेला तो शेतकरी बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "तो आता मालेगावला पोचला आसंल. तिथं शोधायचं का पंप?"

पंप दुसऱ्या दिवशी सापडला. कांदा वाचला. पण प्रमोदच्या डोक्यात तो ट्रक जो घुसला, तो निघेना.

*

मग काही महिन्यांनी प्रमोदच्या मावसभावाने परदेशातून एक जीपीएस आणलं. तेव्हा ते कुणी पाहिलेलं नव्हतं. जाडजूड मोबाइलसारखं दिसायचं, फक्त त्याच्यावरून कुणाला फोन लागायचा नाही. आकाशातल्या उपग्रहांना विचारून ते आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते सांगतं, असं प्रमोदने समजावलं. आता ट्रक जाऊ दे नाहीतर राहू दे.

दादांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, मनगटाला अडकवलं आणि बुडी मारली. लगेच वर आले. म्हणाले, "काठावर होतो तोवर ते मला सांगत होतं आपण कुठे आहोत. खाली गेल्यावर ते मला विचारायला लागलं."

उपग्रहाचे सिग्नल पाण्यातून खाली जातच नाहीत, हे आम्हाला असं कळलं. म्हणून प्रमोदने पाण्यावर तरंगणारा बोया बनवला. स्कूटरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, डब्यात जीपीएस. डब्याच्या बुडापासून एक दोरी खाली पाणबुड्याच्या हातातल्या रिळापर्यंत. पाणबुड्या खाली जिकडे जाईल तिकडे डबा वर त्याच्यामागे जाणार, आणि सगळी वाट जीपीएसमध्ये नोंदली जाणार. खाली काही सापडलं की घड्याळात वेळ बघून ठेवायची; त्या वेळी डबा कुठे होता ते नंतर काढता येतं.

कल्पना उत्तम होती. पण एका दुपारी प्रमोदने तो डबा चाचणीसाठी आपल्या गच्चीवर ठेवला. डबा जागचा हलला नाही. संध्याकाळी नोंद बघितली, तर त्याच्या मते तो शेजारच्या मंगल कार्यालयात गेला होता, तिथून रस्ता ओलांडून रसवंतीत गेला होता आणि मग गच्चीवर परत आला होता. प्रमोदला जेवण गेलं नाही. त्याने जीपीएस उघडलं, पुसलं, पुन्हा बंद केलं. कित्येक रविवार तो गच्चीवर त्या डब्यापुढे बसून असायचा. वहिनी आम्हाला फोन करून विचारायच्या, ह्यांना काही झालंय का.

दोन हजार साली उलगडा झाला. दोष यंत्राचा नव्हता. उपग्रह अमेरिकेचे, बाकीच्या जगाला नेमकी जागा कळू नये म्हणून त्यांनीच सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली होती, आणि आता ती काढून टाकली होती. प्रमोद पेढे घेऊन दादांकडे आला. मुलगी पास झाल्यावरसुद्धा त्याने एवढे पेढे वाटले नव्हते.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. पेढा हातातच होता. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मुद्दाम खोटं सांगत होते. मग आता खरं सांगताहेत कशावरून?"

प्रमोद परत गच्चीवर गेला.

*

डब्याला नाव एका हवालदाराने दिलं.

घोटीच्या पलीकडच्या एका धरणावर आम्ही काम करत होतो. दादा आणि शैला खाली, मी आणि प्रमोद होडीत. डब्यावर प्रमोदने एक लहान एरियल आणि लाल दिवा बसवलेला होता. काठावर गुरं चारणाऱ्यांनी ते लाल दिव्याचं काहीतरी पाण्यावर आपोआप सरकताना बघितलं आणि गावात जाऊन सांगितलं. गावातून फोन गेला. आम्ही काठाला लागलो तेव्हा अर्धं गाव लांब बांधावर उभं होतं आणि एक हवालदार आमची वाट बघत होता.

त्याने पाण्यावरच्या डब्याकडे बोट करून विचारलं, हे काय. प्रमोदने अगदी उपग्रहापासून सुरुवात केली. तो आकाशात गेला की लवकर खाली येत नाही. मला घाम फुटला होता, कारण धरणावर काम करायचा परवाना कुठे ठेवलाय ते फक्त दादांना माहीत होतं आणि दादा अजून पाण्याखाली होते. हवालदाराच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्याने मध्येच हात वर केला.

"थांबा. जागा उपग्रहाला विचारायची. पण तुमचा माणूस पाण्याखाली, त्याला बोलता येत नाय. म्हणून त्याच्या वतीनं हा डबा विचारतो. बरोबर?"

प्रमोद म्हणाला, बरोबर.

"मग वकील हाय म्हणा की. एवढं लांबवलं कशाला?"

तेवढ्यात दादा वर आले, परवाना दाखवला, आणि हवालदाराने आमच्याबरोबर चहा घेतला. जाताना त्याने डब्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, कधी कोर्टात भेटू. तेव्हापासून डब्याला आम्ही वकीलसाहेबच म्हणतो.

*

शैलाचा एक अभिमान होता. डोळे बांधले तरी मी सरळ रेषेत पोहते, असं ती सांगायची. तलावावरच्या मुलांनाही सांगायची.

एकदा गढूळ पाण्यात दादांनी तिला काम दिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीला समांतर जायचं आणि तळाला गाळ किती आहे ते बघत जायचं. शैला गेली; लांबून आम्हाला डबा नुसता लाटांवर डुलताना दिसत होता. बऱ्याच वेळाने हवा संपत आली म्हणून टोकाच्या अलीकडेच वर आली, एकदम खुशीत. होकायंत्राकडे एकदाच बघितलं, पुढे गरजच पडली नाही म्हणाली.

संध्याकाळी प्रमोदच्या घरी कॉम्प्युटरवर वाट उमटली. आम्ही सगळे बघत होतो. रेष निघाली सरळ. मग जरा डावीकडे झुकली, मग आणखी डावीकडे, आणि फिरून आपल्याच शेपटीला येऊन मिळाली. मग पुन्हा फिरली. पुन्हा मिळाली. औदुंबराला प्रदक्षिणा घालावी तशी शैला धरणाच्या मध्यावर फिरत राहिली होती.

शैला म्हणाली, वाऱ्याने डबा फिरला असणार. दादांनी सांगितलं, दोरी ताणलेली असली की डबा डोक्यावरच राहतो आणि तिची दोरी ताणलेली होती. शैला म्हणाली, मग जीपीएस बिघडलं. प्रमोदने फक्त तिच्याकडे बघितलं. त्याने त्या यंत्रापायी काय काय सोसलं होतं ते तिलाही माहीत होतं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी शैला मला स्कूटरवरून मैदानावर घेऊन गेली. डोळ्यांवर ओढणी बांधली आणि म्हणाली, "अहो, मी त्या टोकाच्या झाडापर्यंत सरळ चालत जाते. तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त मागून या."

मी मागून गेलो. ती चालत राहिली, डावीकडे, आणखी डावीकडे. क्रिकेट खेळणारी मुलं बॅटी खाली ठेवून बघत होती. शेवटी ती जिथून निघाली होती तिथेच, आमच्या स्कूटरला येऊन धडकली. ओढणी सोडली. स्कूटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मैदान उतरतं आहे डावीकडे," ती म्हणाली.

लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, हो, आहे थोडं उतरतं.

*

आता हा किस्सा मी सहसा सांगत नाही. शैला सांगते, आणि हसत सांगते. मला अजून हसता येत नाही.

वकीलसाहेब आल्यावर माझं होडीतलं बसणं सोपं होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पूर्वी मी नुसत्या पाण्याकडे बघत बसायचो, आता डबा दिसायचा. डबा सरकतोय म्हणजे शैला सरकतेय. पण झालं उलटंच. पूर्वी काही दिसत नव्हतं म्हणून काळजीला धरायला जागा नव्हती. आता डबा जरा मंदावला की माझा श्वास मंदावायचा.

त्या दिवशी शैला एकटी खाली होती. दादा होडीत तयार होऊन बसलेले, तो त्यांचा नियमच होता. जुन्या बुडालेल्या बाभळींचा भाग होता. डबा हळूहळू सरकत होता आणि मग थांबला. दादा म्हणाले, बघत असेल काहीतरी. आम्ही थांबलो. डबा जागच्या जागी लाटेवर डुलत होता. मी दादांकडे बघितलं. त्यांनी होडी डब्याजवळ घेतली, दोरी हातात धरून ठरलेली खूण केली, दोन हिसके. खालून उलट दोन हिसके यायला हवेत. काही आलं नाही. पुन्हा केली. दोरी हाताला घट्ट लागत होती, पण ती माणसाची घट्ट नव्हती. झाडाची असते तशी होती.

दादांनी तोंडात नळी घेतली आणि गेले. जाताना मला म्हणाले, "डब्यावरची नजर काढू नकोस."

मी नजर काढली नाही. प्रमोद माझ्या शेजारी उभा राहिला होता, पाण्याला भिणारा माणूस, आणि त्याने एक पाय होडीच्या कडेवर टाकलेला होता. मी तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो. प्रमोद नंतर म्हणाला की मी घराच्या वाणसामानाची यादी म्हणत होतो. मला ते आठवत नाही. डब्यावरचा लाल दिवा तेवढा आठवतो, लुकलुकणारा.

मग मागून आवाज आला, "अहो."

मला वाटलं भास आहे. दादांनी सांगितलं होतं नजर काढू नकोस, म्हणून मी वळलो नाही. पुन्हा आवाज आला. प्रमोदने माझा दंड धरून मला फिरवलं.

शैला आमच्या पाठीमागच्या काठावर उभी होती, अनवाणी, सिलिंडर पायाशी ठेवून. तिची दोरी बाभळीच्या काट्यांत गुंतली होती. सोडवेना, तेव्हा तिने सुरीने कापली, हळूहळू वर आली आणि जवळच्या काठावर पोहत गेली. तिथून ती आम्हाला कधीची हात करत होती. तिने कापलेली दोरी तळाच्या झाडाला बांधलेली राहिली, आणि वकीलसाहेब इमानाने त्या झाडाच्या डोक्यावर उभे होते.

होडी काठाला लावेपर्यंत मला धीर नव्हता. मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो.  ती माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही सगळे त्या डब्याकडे बघत होता," ती म्हणाली. "माझ्याकडे कुणी बघणार होतं का?"

दादा वर आले तेव्हा त्यांच्या हातात तिच्या दोरीचं कापलेलं टोक होतं आणि चेहरा मी पूर्वी कधी बघितला नव्हता असा होता. ती काठावर दिसल्यावर ते होडीला धरून तसेच पाण्यात थांबले. मग म्हणाले, आज पुरे.

तेव्हापासून मी होडीत बसलो की सारखा गोल फिरून चारी बाजू बघत असतो. लोकांना वाटतं, याला स्वस्थ बसता येत नाही. बरोबर वाटतं.

*

आणि हा गयाबाईंचा.

घोटीकडच्या त्या धरणाखाली एक गाव होतं. धरण झालं तेव्हा लोक उठून नाशिकजवळ आले आणि शेवंती-झेंडूची शेती करायला लागले. घरांचे वासे, कौलं, दारं सगळं घेऊन आले. महादेवाचं बुटकं दगडी देऊळ तेवढं तिथेच राहिलं. पिंड हलवायची नसते, म्हणून फक्त कळस काढून आणला. दर शिवरात्रीला ही मंडळी धरणाच्या काठावर जाऊन फुलं वाहायची, पण देऊळ नेमकं कुठे यावर म्हाताऱ्यांचं कधी एकमत व्हायचं नाही. कुणी या टेकडीखाली म्हणे, कुणी त्या. पाणी उन्हाळ्यातही तेवढं उतरायचं नाही.

त्यांच्यातले रंगनाथबाबा दादांकडे आले. म्हणाले, आता आम्ही फार वर्षं नाय. एकदा बरोबर डोक्यावर जाऊन फुलं टाकायची आहेत.

शिवरात्रीच्या आधी दादा खाली गेले. तळाला गाळ, हात पुढे केला तर हात दिसत नाही. फिरता फिरता त्यांना दगडी पायऱ्या लागल्या, मग ओटा, आणि ओट्यावर गाळात रुतलेला गोल, गुळगुळीत दगड. छप्पर नव्हतं, पडलं असेल. दादांनी पाण्याखालीच हात जोडले. वर येऊन म्हणाले, "पिंड आहे."

शिवरात्रीला होड्या निघाल्या. प्रमोदने डबा बरोबर त्या जागी नेऊन नांगरला. लोकांनी टोपल्या रिकाम्या केल्या. पाणी पिवळं झालं. बायका रडत होत्या, आणि दादांनी तोंड फिरवलेलं मी बघितलं.

त्याच वर्षी उन्हाळा कडक निघाला आणि धरण कधी नव्हे एवढं उतरलं. रंगनाथबाबांचा निरोप आला, या. आम्ही गेलो. भेगाळलेल्या गाळात महादेवाचं देऊळ उभं होतं, छपरासकट. आम्ही फुलं वाहिली होती ती जागा तिथून चांगली हाकेच्या अंतरावर होती. तिथे पायऱ्या होत्या, ओटा होता, आणि गोल दगडही होता. गावची पिठाची गिरणी. गाव उठलं तेव्हा झिजलेला दगड तिथेच टाकून गेले होते.

 दादा बाबांना काही सांगायला लागले, गाळाबद्दल, अंधाराबद्दल. बाबांनी ऐकून घेतलं. मग दगडाकडे बघत म्हणाले, "आसू द्या दादा. जेवायला हिनंच घातलं."

पुढच्या शिवरात्रीपर्यंत धरण पुन्हा भरलं. या वेळी जागा पक्की होती. होड्या देवळावर गेल्या, फुलं वाहिली, आरती झाली आणि सगळे काठाकडे वळले. आमच्या होडीत गयाबाई होत्या, बाबांच्या थोरल्या बहीण.  त्यांनी दादांच्या हाताला हात लावला.

"आता गिरणीवर ने रे बाबा."

 प्रमोदने जीपीएसमध्ये बघितलं. ती जुनी जागा त्याने पुसलेली नव्हती. होडी वळली. थोड्या वेळाने प्रमोद म्हणाला, इथे. दादांनी इंजिन बंद केलं.

गयाबाईंनी पदराची गाठ सोडली. मूठभर बाजरी निघाली. ती त्यांनी एकदम टाकली नाही. मुठीतून धार धरून, थोडी थोडी, पाण्यात सोडली. मग होडीच्या कडेला वाकल्या आणि कान पाण्याकडे करून बसल्या.

आम्ही कुणी हललो नाही. मीसुद्धा.

बऱ्याच वेळाने त्या सरळ झाल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झालं. चला."